अठरावं पाऊल

आत-बाशीच्या रविवारच्या गुरांच्या बाजारात
मेंढ्याचा सौदा असा होतो:
मधला माणूस दोघांचे हात एकमेकांत कोंबतो
आणि हिसडे देत राहतो, चढव, उतरव, चढव,
भाव जुळेपर्यंत हात सुटत नाहीत.

डोंगरावरच्या खड्ड्यात, दगडी झाकणाखाली,
आमची पेटी हेच करते.
स्प्रिंगला टांगलेलं वजन जागचं हलत नाही,
हलते ती त्याच्याभोवतीची सगळी पृथ्वी.
तारेत चिमूटभर व्होल्टेज उमटतं
आणि पेटी त्याचा हात धरून विचारत बसते:
जास्त? कमी? जास्त? कमी?
सेकंदाला हजारो वेळा.
मधलं उत्तर चालत नाही.
एवढ्या घासाघिशीतून
सेकंदाला शंभर आकडे उरतात. बाकीचे
बाजार उठल्यावरच्या लिदीसारखे.

पण टाकून द्यायच्या आधी गाळावं लागतं.
नव्या पोरांना मी सांगते:
धावत्या घोडीकडे दर टापेला एकदाच पाहिलंत
तर ती उभीच दिसेल,
आणि तुम्ही शपथेवर सांगाल, उभी होती.
आपल्या नजरेहून जे चपळ आहे
ते वेष पालटून परत येतं,
म्हणून त्याला दारातच अडवायचं.

आमच्या गाळणीला एक खोड आहे.
ती दोन्हीकडे सारखी पाहते.
एक आकडा ठरवायला
थोडं मागचं घेते, थोडं पुढचं.
पुढचं म्हणजे अजून न घडलेलं नव्हे;
ती थांबते, उशीर करते, मग उसनं घेते.
जादू नाही.
पण धक्का जोराचा असला
की त्याच्या आधीच रेघ जराशी शहारते.
दहा वर्षं मी त्या शहाऱ्यावर
पेन्सिलीने फुली मारत आले. खोटा असतो तो.

मुकाश आमचा राखणदार. पगार नावापुरता.
काम: सोलर पॅनेलवरचं बर्फ झाडणं,
उंदरांनी केबल कुरतडली तर फोन करणं.
त्याची पावलं रोज रेघेत यायची
आणि रोज मी ती गाळून टाकायचे.
तक्त्यात लिहायचे: स्थानिक गोंगाट.

मार्चमध्ये कडा सुटला.
त्यानंतर चाळिसावा दिवस करून
कालब्यूब्यू बिश्केकला आली,
पिशवीत कुरूत, बुटांवर वाळलेला चिखल.
"तुमच्या पेटीत तो आहे म्हणतात."

मी फिल्टर काढत गेले,
पाहुण्याच्या अंगावरचे कोट उतरवून घ्यावेत तसे.
पेटीतली मूळ गाळणी तेवढी राहिली, ती निघत नाही.
कच्ची रेघ: ओढ्याची घरघर,
वाऱ्याने डुलणारा खांब,
आणि मग टिंब, टिंब, टिंब,
वाट चढणारा एक जड माणूस,
डावं पाऊल किंचित उशिरा.
"गुडघा," ती म्हणाली.

बोट टेकवत तिने मोजलं. सतरा.
पुन्हा मोजलं.
"फाटकापासून पॅनेलपर्यंत अठरा होतात.
चहा घेऊन मीच उभी असायचे ना."

सतराव्यानंतर कोरी जागा, सेकंदाहून कमी,
मग तो शहारा,
मग पहिली लाट, कागदाच्या कडेपर्यंत.

पेन्सिल माझ्या हातात होती.
शहारा खोटा असतो हे मला सिद्ध करता येतं,
फळ्यावर, दोन ओळींत.
त्याच्याखाली एखादं पाऊल असेल
तर ते वेगळं काढणारी गाळणी
माझ्याकडे नाही.

तिने कुरूतचा एक गोळा माझ्या टेबलावर ठेवला.
"हेच ना?" शहाऱ्यावर नख टेकवून विचारलं.
मधलं उत्तर चालत नाही, हे मलाही माहीत आहे.
खिडकीबाहेर ट्रॉलीबस थांबली, निघाली.
मी हो म्हटलं नाही.
फुली मारली नाही.